अँटिव्हायरस नंतर घ्या, आधी किल्ल्या कुणाकडे आहेत ते बघा



मागच्या जानेवारीची गोष्ट सांगतो. १८ तारीख, संध्याकाळचे सात वाजले असतील. आमच्या एका जुन्या बॅचमधल्या दादांचा फोन आला. कराडच्या अलीकडे त्यांचा पेव्हर ब्लॉकचा छोटा कारखाना आहे. सात-आठ कामगार, एक टेम्पो, ऑफिस म्हणजे पत्र्याची एक खोली आणि त्या खोलीत एक कॉम्प्युटर. फोन उचलल्या उचलल्या म्हणाले, "सर, एक चांगला अँटिव्हायरस सांगा. किती पण पैसे जाऊ देत."

मी म्हटलं, आधी सांगा तरी झालं काय.

झालं असं होतं की सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. ओळखीच्या हार्डवेअरवाल्या पोराला बोलावलं. त्याने बघितलं आणि म्हणाला, "विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावा लागेल. डेटा काही आहे का?" दादा म्हणाले, "सगळं डी ड्राइव्हला असतं आपलं." पोराने सी ड्राइव्ह फॉरमॅट केला, नवीन विंडोज टाकलं, ५०० रुपये घेतले आणि चहा पिऊन गेला. दुपारी दादांनी टॅली उघडायला घेतलं तर टॅलीच नाही. पोराला फोन करून टॅली परत टाकून घेतलं. उघडलं, तर आत कंपनीच नाही.

डी ड्राइव्हला काय होतं? ब्लॉकच्या डिझाइनचे फोटो, एक्सेलमधली कोटेशन्स, मुलीच्या बारशाचा व्हिडिओ. टॅलीप्राईम टाकताना आपण मुद्दाम काही बदललं नाही, तर त्याचा डेटाचा फोल्डर सी ड्राइव्हलाच बसतो. हे दादांना माहीत नव्हतं. त्या पोराने विचारलंही नाही. खोटं दोघांपैकी कुणीच बोललं नाही. आपापल्या समजुतीप्रमाणे दोघंही बरोबर होते आणि साडेनऊ महिन्यांचा हिशोब गेला. डिस्क एसएसडी होती. फॉरमॅट होऊन वर नवीन विंडोज बसल्यावर एसएसडीमधून जुनं काही परत मिळण्याची आशा जवळजवळ नसते.

आता मला सांगा, यात व्हायरस कुठे आला?

आपल्या छोट्या धंद्यांत ज्याला आपण "कॉम्प्युटरचा प्रॉब्लेम" म्हणतो, त्यातला मोठा भाग कॉम्प्युटरचा नसतोच. तो किल्ल्यांचा प्रॉब्लेम असतो. कुठली वस्तू कुठे ठेवली आहे, ती कुणाच्या नावावर आहे, तिची किल्ली कुणाच्या खिशात आहे आणि तो माणूस उद्या नसेल तर काय, या चार गोष्टी मालकाला माहीत नसतात. दुकानाच्या शटरची किल्ली कुणाकडे आहे हे तुम्ही झोपेतही सांगाल. गल्ल्याची सांगाल, टेम्पोची सांगाल. पण टॅलीचा फोल्डर, जीमेलचा पासवर्ड, ओटीपी येणारा नंबर? तिथे आपण म्हणतो, "ते आमचा पोरगा बघतो."

दादांचं पुढे काय झालं ते थांबून सांगतो, कारण खरं नुकसान मला वाटलं होतं तिथे झालंच नाही.

ओटीपी कुणाच्या खिशात वाजतो?

एक कोरा कागद घ्या. मोबाईलमध्ये नको, कागदच घ्या. त्यावर लिहा: बँक, जीएसटी पोर्टल, उद्यम नोंदणी, जीमेल, व्हॉट्सअॅप बिझनेस, गुगल मॅपवरची दुकानाची नोंद, वेबसाइट असेल तर तिचं डोमेन. खाण्याचे पदार्थ करत असाल तर एफएसएसएआयचं लायसन्स. प्रत्येकासमोर लिहा की याचा ओटीपी कुठल्या नंबरवर येतो आणि ते सिमकार्ड कुणाच्या नावावर आहे.

वर्कशॉपमध्ये मी हा कागद लिहायला लावतो तेव्हा पहिली पाच मिनिटं सगळे हसत असतात. मग हॉल शांत होतो.

आमच्या एक ताई आहेत, मसाले आणि चटण्या करतात. हाताला चव अशी की कांदा-लसूण मसाल्याचं पाकीट नागपूरपर्यंत कुरिअरने जातं. सुरुवातीला त्यांच्या भाच्याने सगळं "ऑनलाइन" लावून दिलं. जीमेल काढलं, व्हॉट्सअॅप बिझनेस सुरू केलं, मॅपवर नोंद केली. पोरगा गुणी. त्याच्याकडे एक जास्तीचं सिम पडून होतं, ते त्याने मावशीला देऊन टाकलं. तोच नंबर पाकिटावर छापला. पॅकबंद मालावर ग्राहकाच्या तक्रारीसाठी फोन नंबर छापणं कायद्याने लागतंच, त्यामुळे प्रत्येक पाकिटावर तो होता.

दोन वर्षांनी भाचा मस्कतला नोकरीला गेला. सिम ताईंच्या जुन्या फोनमध्ये होतं, व्हॉट्सअॅप वायफायवर चालू होतं, त्यामुळे रिचार्ज संपलाय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. फोन खराब झाला, नवीन घेतला, व्हॉट्सअॅप सुरू करायला गेल्या तर कोड जातोय बंद पडलेल्या नंबरवर. गॅलरीत गेल्या तर उत्तर मिळालं, "ज्याच्या नावावर सिम आहे त्याने यावं." तो मस्कतला. एकदा नंबर पूर्ण बंद झाला की ९० दिवसांनंतर कंपनी तो दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. विचार करा, तुमच्या मसाल्याच्या पाकिटावरचा नंबर आणि फोन उचलतोय कुणी तिसराच.

ताईंनी छापलेली पाकिटं बाजूला टाकली आणि नवीन छापली. गिऱ्हाइकांची यादी त्या फोनमध्येच होती. कुरिअरच्या जुन्या पावत्यांवरून एकेक नाव गोळा करायला त्यांना दीड महिना लागला. भाच्याने काही वाईट केलं होतं का? अजिबात नाही. मदतच केली होती. आपल्याकडे धंद्याचं डिजिटल काम असंच सुरू होतं, घरातल्या हुशार पोराच्या मदतीने. ते सुरू तसं व्हायला माझी हरकत नाही, पण वर्षानुवर्षं तसंच राहू देऊ नका.

धंद्यासाठी एक सिम स्वतःच्या नावावर घ्या आणि ते धंद्यापुरतंच ठेवा. रिचार्जची तारीख लाइट बिलाच्या तारखेशेजारी कॅलेंडरवर लिहा. तुमच्या नावावर किती नंबर चालू आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर बघता येतं, एकदा बघाच. व्हॉट्सअॅपमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. तो सहा आकडी पिन लावला की नुसता ओटीपी मिळवून कुणी तुमचं अकाउंट पळवू शकत नाही. जीमेलला रिकव्हरी नंबर आणि रिकव्हरी ईमेल स्वतःचे द्या.

जीएसटीबद्दल मुद्दाम सांगतो. बऱ्याच जणांच्या नोंदणीत मोबाईल आणि ईमेल सल्लागाराचा लागलेला असतो, कारण त्या दिवशी ते सोयीचं होतं. तुमचा सल्लागार भला माणूस असेल, माझाही आहे. पण विभागाची नोटीस त्याच्या ईमेलवर जाणार आणि त्याच्या चारशे क्लायंटच्या गर्दीत तुमची ती एक नोटीस. नंबर बदलून घ्या. सल्लागाराशी संबंध बिघडलेले असतील आणि ओटीपी मिळत नसेल, तर आपल्या विभागाच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे कागदपत्रं घेऊन जाऊन मोबाईल-ईमेल बदलून घ्यायची सोय आहे. त्यासाठी कुणापुढे हात जोडायची गरज नाही.

डोमेनचंही तेच. वेबसाइट करणाऱ्याने डोमेन स्वतःच्या खात्यातून घेतलं असेल तर "वेबसाइट माझी" असं तुम्ही म्हणता, पण कागदावर ती त्याची आहे. पैसे देतानाच सांगा, डोमेन माझ्या नावाने आणि माझ्या ईमेलवर घ्या. खर्च तेवढाच येतो.

आणि एक बारीक गोष्ट, जिने मी स्वतः फसलोय. जीमेलची फुकट जागा १५ जीबी असते आणि ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो या सगळ्यांना मिळून असते. अँड्रॉइड फोनच्या व्हॉट्सअॅपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो. ती भरली की नवीन मेल यायचे थांबतात. आपल्याला वाटतं पार्टीने ऑर्डर पाठवली नाही, पार्टीला वाटतं हे उत्तर देत नाहीत. माझे अकरा दिवस असे गेले आणि एका कॉलेजचं ट्रेनिंगचं काम हातातून गेलं. कारण काय, तर गणपतीचे व्हिडिओ.

एकच कॉपी म्हणजे कॉपी नाहीच

आता बॅकअप. हा शब्द ऐकला की लोक मान डोलवतात आणि विसरतात. म्हणून आधी एक मोठी गोष्ट सांगतो, आपल्या दाराशी घडलेली.

२७ जून २०१७. नोटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला. त्याची सुरुवात कुठून झाली माहिती आहे? युक्रेनमध्ये आपल्या टॅलीसारखं एक हिशोबाचं आणि कराचं सॉफ्टवेअर वापरतात, त्याच्या अपडेटमधून. काही तासांत तो मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या कॉम्प्युटरमध्ये घुसला. त्यात आपल्या न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातलं त्यांच्या समूहाचं टर्मिनलही होतं. तिथलं काम अडकलं, कंटेनर तुंबले. कंपनीला पुढे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. नुकसान त्यांनीच २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात सांगितलं.

आपल्या कामाची गोष्ट यापुढे आहे. कोण कुठे लॉगिन करू शकतं याची सगळी यादी ठेवणारे मर्स्कचे सुमारे १५० सर्व्हर जगभर होते. सगळे एकमेकांची कॉपी. एक गेला तर दुसरा आहे, असा हिशोब. पण सगळे एकमेकांना जोडलेले, त्यामुळे सगळे एकाच वेळी गेले. वाचला फक्त एक, आफ्रिकेत घानामधला. का वाचला? हल्ल्याच्या आधी तिथली लाइट गेली होती आणि तो सर्व्हर नेटवर्कपासून तुटला होता! त्या एका डिस्कवरून पुढचं सगळं उभं राहिलं.

लोडशेडिंगने एवढी मोठी कंपनी वाचली, हे आपल्याकडच्या माणसाला पटकन कळतं.

यातून माझं मत असं झालंय की कॉपी किती आहेत यापेक्षा सुटी कॉपी आहे का हे आधी बघावं. कॉम्प्युटरला कायम लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह हा बॅकअप नव्हे. वीज कडाडली, व्होल्टेज वाढलं, चोरी झाली, फाइली लॉक करणारा व्हायरस आला, तर कॉम्प्युटरबरोबर तोही जातो. गुगल ड्राइव्हला फोल्डर सिंक करून ठेवलं की झालं, असंही नाही. सिंक म्हणजे आरसा. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. ड्राइव्हच्या कचरापेटीत ते ३० दिवस राहतं, पण तुम्हाला ३१ व्या दिवशी कळलं तर?

मी स्वतः काय करतो ते सांगतो, त्यात हुशारी काही नाही. दोन छोट्या एक्स्टर्नल डिस्क. एकीवर लाल चिकटपट्टी, एकीवर हिरवी. शनिवारी बॅकअप घेतला की ती डिस्क घरी कपाटात जाते आणि घरची ऑफिसला येते. म्हणजे एक कायम दुसऱ्या छपराखाली असते. शिवाय रोज संध्याकाळी टॅलीचा बॅकअप घेऊन ती फाइल तारखेच्या नावाने ड्राइव्हला चढवतो, जुनीवर नवीन टाकत नाही. टॅलीप्राईममध्ये ऑल्ट आणि वाय दाबलं की डेटाचा मेनू येतो, त्यात बॅकअप आहे. दोन मिनिटांचं काम. दिवाबत्तीच्या वेळेला करा, म्हणजे सवय लागते.

पण बॅकअप घेणं हे अर्धंच काम. तो परत उघडतो का? लोणच्याची बरणी भरून ठेवली आणि वर्षभर झाकण उघडलंच नाही, तर आत बुरशी आहे की लोणचं कसं कळणार? महिन्यातून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर, नाहीतर निदान वेगळ्या फोल्डरमध्ये, तो बॅकअप रिस्टोअर करून बघा. चालू डेटाच्या फोल्डरवर कधीही रिस्टोअर करू नका, आजचा हिशोब पुसून जुना बसेल. लायसन्स नसलेल्या कॉम्प्युटरवर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडतं, नुसतं बघायला तेवढं पुरतं. आणि टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड लावला असेल तर तो कागदावर लिहून कुलपात ठेवा. तो विसरला की टॅलीवालेसुद्धा काढून देऊ शकत नाहीत.

काही जण म्हणतात, एवढं कशाला, छोटा तर धंदा आहे. जीएसटी कायद्याने हिशोबाची कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवायची असतात. कायद्याला छोटा-मोठा कळत नाही.

माणसांचं काय

इथे बहुतेक सल्लागार तुम्हाला "कर्मचाऱ्यांना ट्रेनिंग द्या" म्हणतील. द्या, पण मला त्याआधीची एक गोष्ट महत्त्वाची वाटते.

ऑफिसातल्या मुलीच्या फोनवर लग्नपत्रिकेच्या नावाने एक फाइल येते. शेवटी एपीके लिहिलेलं असतं. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, एपीके म्हणजे अॅप. ते टाकलं आणि परवानग्या दिल्या की तुमचे एसएमएस वाचले जाऊ शकतात, म्हणजे ओटीपीसुद्धा. तिच्या दहा मिनिटांत लक्षात येतं की काहीतरी गडबड झाली. त्या दहाव्या मिनिटाला ती तुम्हाला सांगते की नाही, यावर तुमचे पैसे वाचणार की जाणार हे ठरतं. पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन करायचा, बँकेला कळवायचं, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाकायची. पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत थांबवता आले तर आले.

पण ज्या दुकानात दहा रुपयांच्या चुकीवर चारचौघांत शिव्या बसतात, तिथे ती मुलगी सांगणार नाही. फोन बंद करून घरी जाईल आणि तुम्हाला दुसऱ्या दिवशी बँकेच्या मेसेजवरून कळेल. म्हणून मी मालकांना सांगतो, चूक ज्याने स्वतःहून सांगितली त्याला पहिल्या दिवशी काही बोलायचं नाही. राग आला तर बाहेर जाऊन चहा पिऊन या.

दुसरं, पैशाच्या बाबतीत एकच नियम भिंतीवर लावा. "आमचं बँक खातं बदललंय, आता या खात्यात पाठवा" असा मेल किंवा व्हॉट्सअॅप आला, मग तो कितीही जुन्या पार्टीचा असू दे, आपल्याकडे आधीपासून लिहिलेल्या नंबरवर फोन करून आवाज ऐकल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे, आपल्या वहीतल्या नंबरवर. पार्टी रागावत नाही, उलट बरं वाटतं तिला.

आणि सगळ्यांचा मिळून एक पासवर्ड, तोही मॉनिटरला चिकटवलेला, हे थांबवा. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं अशी गत होते. टॅलीत प्रत्येकाचा वेगळा युजर काढता येतो. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी त्याचा युजर बंद करायचा. चांगला माणूस असला तरी. त्याच्यावर संशय म्हणून नव्हे, उद्या काही झालं तर त्याच्यावर आळ येऊ नये म्हणून.

मशीन आणि मेकॅनिक

मशीनबद्दल थोडक्यात. खंडेनवमीला आपण कॉम्प्युटरला झेंडूची माळ घालतो, हळदकुंकू वाहतो (कीबोर्डमध्ये कुंकू सांडू नका, ई आणि आर अडकतात, स्वानुभव). त्याच दिवशी मागचं झाकण उघडून धूळ काढून घेतली तर देवीला आनंदच होईल. यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत दमते, लाइट गेल्यावर कॉम्प्युटर पटकन बंद पडत असेल तर ती बदला. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. वळवाच्या पावसात विजा सुरू झाल्या की कॉम्प्युटरचा प्लग तर काढाच, राउटरला येणारी तांब्याची वायरही काढा. लोक ती विसरतात आणि वीज तिथून आत येते.

विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. त्यावर बँकिंग करत असाल तर ११ ला जा, किंवा मशीन जुनं असेल तर बदलायचं बजेट धरा. अपडेट पुढे ढकलू नका. नोटपेट्याने विंडोजमधली जी भगदाडं वापरली, त्यातल्या मोठ्या भगदाडाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. आणि अँटिव्हायरस? विंडोजबरोबर डिफेंडर फुकट येतो. तो चालू ठेवा, अपडेट ठेवा, क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकू नका. छोट्या दुकानाला सुरुवातीला एवढं चालतं. विकतचा घेतलात तर वाईट काही नाही, पण ज्याने बॅकअप लावलेला नाही त्याने अँटिव्हायरसवर पैसे घालवणं मला पटत नाही.

आता मेकॅनिक. इथे मी तुमच्या बाजूने बोलणार नाही. आपण ३०० रुपयांच्या व्हिजिटसाठी त्या पोराशी १०० रुपयांची घासाघीस करतो. त्याला दिवसात आठ ठिकाणी जायचं असतं. त्याच्यासाठी सगळ्यात झटपट उपाय कुठला? फॉरमॅट. दोष शोधत बसायला तीन तास लागतात आणि त्याचे पैसे आपण देत नाही. वर्षाचं ठरवून त्याला बरे पैसे द्या. तीन महिन्यांतून एकदा काहीही बिघडलेलं नसताना बोलवा आणि बॅकअप रिस्टोअर करून दाखवायला सांगा.

आणि एक वाक्य पाठ करा. कुणीही "फॉरमॅट" म्हणालं की म्हणायचं, "आधी माझ्यासमोर टॅलीचा फोल्डर शोधून या डिस्कवर घे, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून दाखव, मग मार." विंडोज सुरू होत नसलं तरी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावून बहुतेक वेळा डेटा काढता येतो. त्या १८ तारखेला एवढंच झालं असतं तर पुरलं असतं.

दादांचं पुढे काय झालं

मला वाटलं होतं जीएसटीचा घोळ होईल. तो फारसा झालाच नाही. डिसेंबरचं जीएसटीआर-१ त्यांच्या सल्लागाराने ११ तारखेच्या आत भरलेलं होतं, विक्रीची बिलं पोर्टलवर होती. खरेदीचं टू-बी १४ तारखेला आलं होतं. मार्चअखेरपर्यंतची टॅलीची फाइल ऑडिटसाठी सीएकडे गेली होती, ती मिळाली. ३-बी २३ तारखेला भरलं. लेट फी ३ दिवसांची, दिवसाला ५० प्रमाणे १५० रुपये, आणि करावर वर्षाला १८ टक्के दराने तीन दिवसांचं व्याज.

गेली ती उधारी.

सरकारच्या पोर्टलला तुम्ही काय विकलं ते माहीत असतं. त्याचे पैसे आले की नाही हे माहीत नसतं. त्यातून दादांची निम्मी गिऱ्हाइकं छोटे ठेकेदार आणि घर बांधणारी माणसं, त्यांचा जीएसटी नंबरच नाही. त्यांची विक्री पोर्टलवर एकत्र आकड्यात जाते, नाव कुठेच नसतं. कुणी आगाऊ किती दिले, कुणाचे किती राहिले, हे फक्त त्या टॅलीत होतं. बिलांच्या दुसऱ्या प्रती पत्र्याच्या खोलीत पोत्यात होत्या, त्यातल्या काही पावसात भिजलेल्या. दादा आणि वहिनी रात्री जेवण झालं की ती बिलं सुतळीला लावत बसायचे आणि सकाळी बँकेच्या स्टेटमेंटशी ताडून बघायचे. रोखीत आलेले पैसे त्यात नाहीतच.

शेवटी दादा एकेकाच्या दारात गेले आणि खरं काय ते सांगितलं. उंब्रजच्या एका म्हाताऱ्या गवंड्याने खिशातली डायरी काढून दादांच्याच आठवणीपेक्षा चार हजार जास्त निघतात असं दाखवलं आणि दिले. एका बड्या ठेकेदाराने, ज्याच्याकडे सगळ्यात मोठी रक्कम होती, विचारलं, "कागद दाखवा." दादांकडे कागद नव्हता.

आता त्यांच्या ऑफिसात टॅली डी ड्राइव्हला आहे, दोन डिस्क आहेत आणि शिवाय एक लाल कापडी बांधणीची उधारीची वही आहे. वही वहिनी लिहितात. मी म्हटलं, आता बॅकअप आहे की, वही कशाला? वहिनी म्हणाल्या, "असू द्या. हिला फॉरमॅट मारता येत नाही."

पुढच्या व्हिडिओत टॅलीचा बॅकअप रिस्टोअर कसा करायचा ते पहिल्यापासून करून दाखवणार आहे. बघायला बसताना तो कागद आणि एक रिकामा पेन ड्राइव्ह जवळ ठेवा.